कुलूप कंपनीचं

हुपरीच्या एस्टीनं आले भूपाल मगदूम,
फोन गुलाबी कागदाच्या पुडीत,
ज्यात ते चांदी बांधतात त्याच कागदाच्या.
"पोरानं धाडलाय. संमेदनं. ओहायोस्नं.
कार्ड बसतंय, पण बोलत न्हाई."

शाहूपुरीत माझं दुकान म्हणजे एक टेबल,
एक भिंग, एक दिवा आणि मी.
बाईमाणूस बघून गिऱ्हाईक आधी मागं वळून
मालक शोधतं.
मगदूम काकांनी नाही शोधला.
थेट स्टुलावर बसले.

पिन टोचली, ट्रे ओढला,
नखाएवढं सिम बसवलं.
काचेवर इंग्रजीत उमटलं:
हे कार्ड इथं चालायचं नाही.

म्हटलं, काका, फोन बरा आहे,
कुलूप आहे तिकडच्या कंपनीचं.
म्हस आली तुमच्या दारात,
दावं अजून जुन्या गोठ्यात.
ते हसले. "मग दावं सोडायचं किती घेशीला?
चाळीस वर्सं पैंजणाचा फासा करतोय मी.
न उघडणारा फासा म्हंजे
करणाऱ्याची झाळ चुकली."

स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश.
पंधरा आकडे वहीत उतरवले,
पुन्हा एकदा त्यांना वाचायला लावले,
कारण एक आकडा चुकला
तर दुसऱ्याच कुणाचं दार वाजतं.
मग आकडे पाठवले. चाक फिरत राहिलं.
बाहेर गुळाचा टेम्पो मागं येत होता,
कुणीतरी ओरडत होतं, येऊ दे, येऊ दे, येऊ दे,
बास.

उत्तर आलं.
फोन हप्त्यावरचा. राहिलेले हप्ते सात.
थकलेले तीन.

संमेद नोकरीत कसा आहे, काकांनी मघाशीच सांगितलं होतं.
मोठ्ठं हापिस, खिडकीतनं नदी दिसते.
मी काच रुमालानं पुसली, उगीच.
म्हणाले, सर्व्हर बंद आहे हो, मंगळवारी या.

पलीकडचा तौफिक म्हणाला, दे इकडं,
पंधराशेत उघडतो. अपडेट येईपर्यंत चालतंय.
मी फोन ड्रॉवरमध्ये ठेवला.
रात्री जेवताना त्या सात हप्त्यांना
डॉलरनं गुणत बसले,
माझे नव्हते, तरी.

मंगळवारी आले. स्टुलावर बसले नाहीत.
"सर्व्हर न्हवं, हप्ते राहिल्यात. व्हय का न्हाई?"
मी खाली बघितलं.
"गहाणाची वस्तू हातात घेतली की कळतंय, ताई.
जरा जड लागती.
माझ्याकडं येतात की बायका,
वाळे मोडायला न्हाई, नुस्तं वजन करून बघायला."

इथनं भरता येतील का, त्यांनी विचारलं.
येणार नाहीत, खातं त्याच्या नावावर आहे, मी म्हटलं.
बराच वेळ ते माझ्या भिंगाकडं बघत राहिले,
कारागिरानं दुसऱ्या कारागिराचं हत्यार बघावं तसं.
मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. उघडू नका.
त्याला कळंल आपल्याला कळलं म्हणून."

वायफाय जोडून दिलं.
पैसे घेतले नाहीत, तर दुसऱ्या खेपेला
घुंगरांची एक जोडी टेबलावर ठेवून गेले.
हुपरीत शेजारच्या पतसंस्थेच्या पायरीवर बसतात म्हणे,
तिथंवर वायफाय पोचतं.
संमेद विचारतो, फोन कसा चाललाय अण्णा?
हे सांगतात, एक नंबर.

थंडी सरताना परत आले.
काही न बोलता पुडी उलगडली, जुनं सिम पुढं केलं.
मी पिन टोचली.
वर कोपऱ्यात आधी काहीच नाही,
मग एक दांडी,
दोन,
चारही.

माझ्या तोंडून "भरले की हो" निघणार होतं.
काकांनी बोट ओठावर नाही ठेवलं, काचेवर ठेवलं.
"ही उघडी नको ठेवायला आता," म्हणाले.
"चांगलं गार्ड बसवा. ते महागातलं."